ढोल-ताशांच्या शहरातील स्वमग्न मुले

गणेशोत्सवाला महिना-दीड महिना असतानाच पुण्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि पुणेकरांना सणाची चाहूल लागते. त्याच सुमारास शहरातील काही घरांत संध्याकाळी खिडक्या लवकर लावल्या जातात, आवाज अडवणारे जाड हेडफोन शोधून ठेवले जातात आणि उत्सवाच्या दिवसांत कोणते रस्ते टाळायचे याचा विचार सुरू होतो. ही स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या, मुलांची घरे आहेत. त्यांना उत्सवाचे वावडे नसते. यांतला एखादा मुलगा अथर्वशीर्ष न अडखळता म्हणतो, मात्र आरतीला झांजा वाजू लागल्या की कान झाकून जिन्यात जाऊन बसतो.

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता असून ती बालपणापासून आयुष्यभर सोबत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. कानावर पडणाऱ्या अनेक आवाजांपैकी कोणता ऐकायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे बहुतेकांचा मेंदू न सांगता ठरवतो; पुष्कळ स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत ही निवड सहज होत नाही, त्यामुळे पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न आणि आईची हाक हे सारे सारख्याच जोराने येऊन आदळते. असे अनावर झालेले मूल भर रस्त्यात आडवे पडून ओरडू लागते, तेव्हा बघ्यांना तो हट्ट वाटतो. ‘आईने लाडावून ठेवलंय’ हा शेरा तर ठरलेलाच. विसाव्या शतकाच्या मध्यास काही तज्ज्ञांनीही आईच्या कोरडेपणाला दोष दिला होता आणि तो सिद्धान्त कधीच मोडीत निघाला. स्वमग्नतेचा लशीशी संबंध जोडणारा १९९८ मधील शोधनिबंधही ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. आईवरचा ठपका मात्र अजून पुसला गेलेला नाही.

मूल वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने न दाखवता मोठ्या माणसाचा हात धरून तिथवर नेते, ‘पाणी हवं का?’ असे विचारल्यावर तहान लागलेली असूनही ‘पाणी हवं का?’ एवढेच म्हणते. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात, ‘बोलेल हळूहळू, याचा बाबाही उशिराच बोलला.’ त्या धीरात दोन-तीन वर्षे सरतात. लवकर मदत मिळाली तर मुलाला संवादाचा मार्ग सापडणे सोपे जाते, मग तो मार्ग शब्दांचा असो, चित्रांचा असो वा टॅबलेट संगणकाचा. म्हणून शंका येताच विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

कोथरूडमधील एका केशकर्तनालयात आता खुर्चीवर बसलेल्या सात वर्षांच्या मुलाच्या हातात पुठ्ठ्याची पट्टी आहे. तिच्यावर चार चित्रे वेल्क्रोने चिकटवली आहेत: खुर्ची, कापड, कात्री आणि शेवटी भेळ. एकेक टप्पा संपला की तो ते चित्र काढून आईच्या हातात देतो. केस कापणाऱ्या काकांनी बंद मशीन आधी त्याच्या हाती दिले आहे. तोच बटण दाबतो, थरथर तळहातावर अनुभवतो, बंद करतो, पुन्हा सुरू करतो. मागे दोन गिऱ्हाईके खोळंबली आहेत. उजव्या कानापाशी मशीन येताच तो खांदे आखडून घेतो. ‘राहू दे, उरलेले पुढच्या शनिवारी’, असे म्हणून काका कापड सोडतात. अर्धवट कापलेल्या केसांनी मुलगा भेळ खायला निघतो.

पुढे काय होणार हे आधी कळले की या मुलांची निम्मी भीती ओसरते. मेट्रोत पुढच्या स्थानकाची घोषणा होते. उत्सवात मार्ग बदललेल्या पीएमपीच्या बसमध्ये मात्र नेहमीचा थांबा का आला नाही, हे कुणी सांगत नाही. आणि तेवढ्याने एखाद्याचा दिवस कोलमडतो.

मुले मोठी होतात, याचा विसर बहुधा सर्वांनाच पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार, गरज असल्यास, अठरा वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो, तर याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. नोकरीची वाट अधिक अवघड आहे. संगणकावर चुका अचूक हेरणारा तरुण मुलाखतीत नजरेला नजर देत नाही म्हणून मागे पडतो. प्रश्न आदल्या दिवशी लेखी दिले, खोली शांत ठेवली आणि उत्तरासाठी थोडे थांबले, तर त्याला काय येते ते कंपनीलाही दिसेल. या तिन्हींसाठी वेगळा खर्च लागत नाही.