पिंपातली डाळ

सकाळचे साडेसहा. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांची खडखड रात्रभर चालूच असते, त्यात या किराणा दुकानाचं शटर वर गेलेलं कुणाला ऐकूही येत नाही. काट्याशेजारी एक निळं पिंप आहे. गल्लीतल्या अडलेल्या घरांसाठी गिऱ्हाइकं आपल्या सामानातलं थोडं त्यात टाकतात. त्याला बांधलेल्या पुठ्ठ्यावर मराठीत आणि तेलुगूत तीनच शब्द लिहिलेत: डाळ, तेल, शेंगा.

गहू-तांदूळ इथं मागत नाहीत. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तर मोफत. दुकानदार मामा म्हणतात, "पण नुसती भाकरी कशासंगं खायची? महिना सरत आला की आधी डाळ तुटते, मग तेल. माझ्या वहीत दिसतंय की."

ही ती उधारीची वही. महिन्याच्या सुरुवातीला तूरडाळ १ किलो. पुढच्या पानावर अर्धा. मग पाव. मग दहा रुपयांची. त्याखाली नुसतं मीठ आणि मिरची. या गल्ल्यांमध्ये भूक अशी येते, शेजारणीलाही पत्ता लागत नाही.

इथं कितीतरी घरांत बायका विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे. विडीचं तेंदूपान आलं नाही, की हात रिकामे.

त्यांतल्याच एक अक्का आत्ता काट्यापुढं उभ्या आहेत. अर्धा किलो तूरडाळ तोलून झाली. पुडा बांधायच्या आत त्यांनी त्यात हात घातला, मूठ भरली आणि पिंपात सोडली. बोटांची टोकं तंबाखूनं काळवंडलेली. त्या काही बोलल्या नाहीत, मामाही नाहीत.

शंभराची नोट देणारं गिऱ्हाईकही येतं. ती नोट घेतात, तिचं तेल येतं. पण पिंप भरतं ते मुठीनंच. त्यात तूर, मूग, मसूर सगळं एक होतं. मामांच्या आई डाळ ताटात घेऊन खडे तेवढे काढतात. "मिसळीचं वरण लई गोड लागतं," म्हणतात.

दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाचं धान्यकोठार लोकांना खुलं केलं, ही कथा या जिल्ह्यात घरोघर सांगतात. दामाजींच्या हाती कोठाराची किल्ली होती. या गल्लीत कोठार कुणाकडंच नाही. ते आधी भरावं लागतं, तेही अर्ध्या किलोतून मूठ काढून. आम्हाला हे मोठं वाटतं.

शनिवारी रात्री पुडे बांधले जातात. वाटपाचा फोटो काढत नाहीत. आम्हालाही कॅमेरा बंद करायला सांगितलं, आणि ते योग्यच होतं. ज्यांना द्यायचं, त्यांच्या घरून कुणीतरी रिकामी पिशवी घेऊन येतं, रोजच्या गिऱ्हाइकासारखं रांगेत उभं राहतं. मामा पिशवी भरतात, "झालं का सगळं?" विचारतात, आणि पुढच्याकडं वळतात.

या पिशवीची नोंद मात्र वहीत होत नाही.