कावळा शिवेपर्यंत

(गोदाघाट, सकाळ. रामकुंडाच्या पायऱ्या, ओली धोतरं, पितळेच्या ताम्हनांचा आवाज.)

नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत. गंगा म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' असं कुणी म्हणालं की त्याचे दोन अर्थ होतात. बुधवार असेल तर तो बाजारातून मेथीची जुडी आणि पावशेर मिरच्या घेऊन परततो. एरवी बहुधा कुणाच्या तरी दहाव्याला गेलेला असतो. जागा जवळपास तीच. इकडे भाजीची पालं, तिकडे पिंड.

आम्ही कॅमेरा घेऊन इथे सलग तीन आठवडे येत होतो. पहिल्या दिवशी एका आजोबांनी हटकलं, "लग्नाचं शूटिंग करता का?" नाही म्हटलं. "मग इथलं कोण बघणार?"

देशभरातून माणसं इथे अस्थी घेऊन येतात. रामकुंडातल्या अस्थिविलय तीर्थात हाडं विरघळतात, अशी श्रद्धा आहे. तळाला घातलेल्या काँक्रीटमुळे नदीचे झरे बुजले, ते काढा, म्हणून इथल्या काही मंडळींनी वर्षानुवर्षं भांडण केलं. तो वेगळ्या फिल्मचा विषय. आम्हाला बघायचा होता फक्त कावळा.

(पिंडांची ओळ. पळसाची पत्रावळ, भाताचे गोळे, त्यावर काळे तीळ.)

दहाव्या दिवशी विधी उरकले की पिंड उघड्यावर ठेवतात आणि सगळे चार पावलं मागे सरतात. आता काम कावळ्याचं. तो शिवला, तर गेलेला माणूस तृप्त. नाही शिवला, तर काहीतरी राहिलंय. मग सुरू होते बोलणी.

"अण्णा, धाकटीची काळजी करू नका, तिचं आम्ही बघतो."

कावळा भिंतीवर.

"विहिरीचं कर्ज फेडू, अण्णा."

कावळा मान वाकडी करतो.

"अरे, त्यांना चहा ठेवा!" कुणीतरी पळत टपरीवर जातं. पत्रावळीशेजारी कागदी कप येतो. वाफ निघत असते. जिवंतपणी ज्यांच्याशी धड चार शब्द बोलणं झालं नाही, त्यांच्याशी आता हात जोडून बोलणं चाललेलं असतं. कॅमेऱ्यामागे उभं राहून हे बघताना हसू येतं आणि लगेच हसण्याची लाज वाटते.

माझे वडील गेले तेव्हा मीही याच पायऱ्यांवर उभा होतो. पाऊण तास. घराचं बोललो, बहिणीचं बोललो, काकांशी बांधावरून असलेला वाद मिटवतो म्हणालो. कावळे होते, पण शेजारच्या पिंडांवर. शेवटी आई पुढे आली. पदर सावरत एवढंच म्हणाली, "शेजाऱ्यांची शिडी देऊन टाकते हो."

दिवाळीत आकाशकंदील लावायला आणलेली शिडी. फाल्गुन आला तरी आमच्याच गच्चीवर होती. वडील रोज म्हणायचे, उद्या देऊ.

इथे कावळा आला असं सांगता आलं असतं, तर ही फिल्म फार छान झाली असती. पण नाही आला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. शिडी त्याच संध्याकाळी परत गेली. मी आणि माझा भाऊ, दोघं दोन टोकांना धरून, नवं मुंडण झालेल्या डोक्यांनी.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आपल्या वेळी कावळा कशासाठी अडेल?

(घाटावरचे चेहरे, एकेक.)

तोच आम्ही घाटावर विचारत सुटलो. काही जण चिडले. 'सकाळी सकाळी काय अभद्र बोलता' म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. वस्तरा चालवणारे दादा म्हणाले, "माझा लगेच शिवेल. थांबायला वेळ कुणाला आहे? पुढचं गिऱ्हाईक बसलंय." भाजीवाल्या मावशींनी जुडीवर पाणी मारता मारता सांगितलं, "भिशीचा नंबर लागायचाय माझा. त्याआधी काय मी जात नाही." कॉलेजातली तीन पोरं गाडीच्या हप्त्यांवर हसली. त्यातला एक, निघता निघता मागे वळून, "माझं बाबांशी बोलणं नाहीये सहा महिने," म्हणाला आणि गाडीवर बसून गेला. हा तुकडा ठेवावा की नाही, यावर आमचं एडिटिंगला भांडण झालं. त्याचा चेहरा आम्ही दाखवलेला नाही.

दहावं करणाऱ्या एका गुरुजींनाही विचारलं. रोज दहा घरचं दुःख समोर घेऊन बसणारा माणूस. ते बराच वेळ गप्प राहिले. "दुसऱ्यांसाठी चाळीस वर्षं कावळे बोलावतोय. स्वतःचा विचार केला नाही हो." मग पंचा खांद्यावर टाकून उठले.

(त्रिरश्मी डोंगर. चढाच्या पायऱ्या. खाली मुंबई-आग्रा महामार्गाचा आवाज.)

शहराबाहेर हा डोंगर. याच्या पोटात 24 लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांची. लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा इथे संबंध नाही. इथे बौद्ध भिक्खू पावसाळ्याचे महिने काढायचे. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. आमच्या धंद्याचे मूळपुरुष जन्मले त्र्यंबकेश्वरला आणि 1944 साली गेले नाशिकमध्ये. त्यांनी 1913 मध्ये पहिला चित्रपट काढला तो हरिश्चंद्राचा, म्हणजे स्मशानात राबणाऱ्या राजाचा. आम्हाला घाटावर आणलं ते काही उगाच नाही, असं मी आमच्या कॅमेरामनला सांगत असतो.

भिक्खूंच्या साधनेत मरणसती नावाचं एक ध्यान आहे. मरणाची आठवण ठेवणं. पाली ग्रंथांत त्याची एक गोष्ट येते. बुद्ध भिक्खूंना विचारतात, तुम्ही मरणाची आठवण कशी ठेवता? एक म्हणतो, मला एक रात्र आणि एक दिवस मिळाला तर किती साधता येईल. दुसरा म्हणतो, एक दिवस. कुणी म्हणतो, एक जेवण होईपर्यंत. कुणी, चार-पाच घास खाऊन होईपर्यंत. मग एक म्हणतो, एक घास चावून गिळेपर्यंत. आणि शेवटचा म्हणतो, आत घेतलेला श्वास बाहेर सोडेपर्यंत. बुद्ध या शेवटच्या दोघांनाच जागे म्हणतात. बाकीचे, त्यांच्या मते, अजून ढिलाईत आहेत.

एक घास चावून गिळेपर्यंत. पत्रावळीवरचा भात आठवल्याशिवाय मला हे ऐकताच येत नाही.

(तिसरं लेणं. ओसरीची भिंत, ब्राह्मी अक्षरांवरून सरकणारा कॅमेरा.)

या ओसरीत एका आईचा लेख आहे. गौतमी बलश्री. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. हे लेणं तिने भिक्खूंना दान दिलं तेव्हा मुलगा हयात नव्हता, गादीवर नातू पुळुमावी होता आणि त्याच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष चालू होतं. दानाचा कागद म्हटला तर चार ओळींत संपला असता. पण म्हातारी थांबतच नाही. मुलाचा चेहरा पूर्ण चंद्रासारखा होता, हे ती लिहून ठेवते. त्याची चाल कशी होती, तेही. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं होतं. आणि या सगळ्या पराक्रमांच्या मध्येच, तो आईची सेवा कधी चुकवत नसे.

राजाच्या आईलाही सांगायला शेवटी हेच उरलं होतं.

(पुन्हा घाट. पावसाळा. गढूळ पाणी.)

रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. नाशिकचा पूर आकड्यांत मोजत नाहीत. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातम्यांत येतं, पण लोक एकमेकांना विचारतात, "मारुतीला कुठवर लागलंय?" गुडघ्याला म्हटलं की सराफ बाजारात, भांडी बाजारात माणसं खालच्या फळीवरचा माल वर चढवायला घेतात. रडारड नाही, धावपळ नाही. कमरेला लागलं की शटर खाली. 1969 चा पूर पाहिलेली माणसं अजून भिंतीवर हात लावून दाखवतात, इथवर होतं. 2016 मध्येही मारुती बुडाला. पाणी उतरलं, गाळ काढला, दुकानं उघडली. एका दुकानदाराला विचारलं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, "पाणी येणार हे माहीत असलं की खालच्या फळीवर काय ठेवायचं ते कळतं."

(फोनचा स्क्रीन.)

शेवटचा एक प्रसंग गुरुजींवर घ्यायचा ठरला होता. शनिवार, सकाळी सात. शुक्रवारी रात्री त्यांचा आवाजी निरोप आला. जसाच्या तसा ऐकवतो.

"नमस्कार. उद्या येऊ नका. तुम्ही विचारलेलं ते घरी सहज बोललो. तर ही म्हणाली, मी अजून समुद्र पाहिला नाही. एवढी वर्षं झाली लग्नाला, मला माहीतच नव्हतं. देशभरची माणसं आमच्या दारात येतात, आम्ही कुठे गेलोच नाही. रात्रीच्या गाडीने अलिबागला निघतोय. सोमवारी या. आणि तिकडे थंडी असते का हो? स्वेटर घेऊ का विचारतेय ही."