सावलीला अंग देताना

(दृश्य : अंधारा रंगमंच. जमिनीवर बसलेली नर्तिका, चेहऱ्यावर मुखवटा.)

ही बाई उठत नाही. नर्तिका म्हटली की ती झेपावणार, गिरक्या घेणार, असं आपण धरून चालतो. मेरी विगमन बसूनच राहते. बोटं नखांसारखी वाकवून हवा ओरबाडते, गुडघ्यांवर थाप मारून ते घट्ट पकडते आणि बसल्याबसल्या पाय आपटत स्वतःभोवती फिरते. सोबतीला फक्त तालवाद्यांचे ठोके. ‘हेक्सेनटान्झ’, म्हणजे चेटकिणीचा नाच, या जर्मन नर्तिकेनं पहिल्यांदा १९१४ मध्ये केला. मुखवट्याचा हा अवतार १९२६ चा. त्याची थोडीशीच फिल्म आज उरली आहे, पण तेवढीही अंगावर येते.

‘मी असा नाहीच,’ असं म्हणून आपण जे जे मागे ढकलतो, त्याला स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी सावली म्हटलं. राग, मत्सर, हाव. आणि कधीकधी दाबून टाकलेली ताकदसुद्धा. आई, वीर, ठकसेन, राक्षस हे आदिबंध, म्हणजे माणसाच्या मनातले मूळ साचे, साऱ्या जगाच्या पुराणकथांत पुन्हापुन्हा भेटतात, हेही त्यांचंच म्हणणं. त्यांची सगळी मांडणी पुराव्यावर टिकते असं नाही. पण नृत्यनाट्य करणाऱ्यांना ती हाताशी धरता येते. सावलीबद्दल बोलायला बसलं की माणूस सारवासारव करतो. शरीराला ते तितकंसं जमत नाही.

(दृश्य : कथकली. दोघांनी धरलेला पडदा, त्याच्या वरच्या कडेवर नटाची बोटं.)

केरळची कथकली राक्षसाला एकदम समोर आणतच नाही. आधी पडद्यामागून गुरगुर ऐकू येते. मग पडद्याच्या वर डोळे दिसतात. पडदा थोडा खाली, पुन्हा वर. या प्रवेशाला तिरनोक्कु म्हणतात. रावणाचा वेष कत्ती, म्हणजे सुरी. चेहरा नायकासारखाच हिरवा, पण त्यावर सुरीच्या आकाराचे लाल पट्टे, नाकावर आणि कपाळावर पांढरे गोळे. म्हणजे तो मुळात थोर आहे, हे रंगातच मान्य केलेलं. आणि गंमत बघा, हिरव्या चेहऱ्याचे नायक तोंडातून आवाज काढत नाहीत. ओरडण्याची मुभा याला आहे.

(दृश्य : जमिनीवर नागमोडी टाकलेला दोर. टोकाला हाडासारखं बेचकं.)

ग्रीक कथेत राक्षसाला मारायला वीर थीसियस भूलभुलैयात शिरतो. आरिआड्नी त्याला सुताचा गुंडा देते आणि बाहेर थांबते. अमेरिकन नर्तिका मार्था ग्रॅहॅमनं १९४७ च्या ‘एरंड इन्टू द मेझ’ या नृत्यात थीसियसला गाळूनच टाकलं. आत जाते ती बाईच. दोर आणि बेचकं ही शिल्पकार इसामु नोगुचीची रचना. ती दोराच्या कडेनं पुढे सरकते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघू नका, पोटाकडे बघा. श्वास सोडताना पोट आत ओढलं जातं, पाठ कमानीसारखी वळते. श्वास घेताना मोकळी होते. ग्रॅहॅमचं सगळं तंत्र याच्यावर उभं आहे, आणि भीतीही इथेच दिसते.

मग तो येतो. अर्धा बैल, अर्धा माणूस. ग्रॅहॅमनं त्याला भीतीचा प्राणी म्हटलं. त्याच्या खांद्यांवर आडवा दांडा आहे आणि दोन्ही हात त्यालाच अडकवलेले. तिला पकडायला हात मोकळेच नाहीत! तरी ती दोनदा कोलमडते.

तिसऱ्या वेळी ती त्याच्या मांड्यांवर चढून उभी राहते आणि वरून त्याला खाली दाबते. प्रेक्षकाला तिचा विजय दिसतो. पण नर्तकांच्या बाजूनं बघा. तिचा सगळा भार त्याच्यावर आहे, आणि सावरायला त्याचे हात नाहीत. त्याचे पाय जरा डगमगले, तर ती पडेल. तालमीत या जागेवर सगळ्यात जास्त घाम गाळावा लागतो, तो भीतीचं काम करणाऱ्याला.