जिना चढायच्या आधी

नमस्कार मंडळी. माझी ओळख करून देताना नाव सांगितलं नाही, ते विसरून नाही, मीच तशी विनंती केली होती. मी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडणाऱ्या माणसांच्या एए या ग्रुपचा मेंबर आहे आणि आमच्या १२ परंपरांमधली ११ वी अशी आहे की पेपरात, रेडिओवर, सिनेमात मेंबरनं आपलं नाव जाहीर करायचं नाही. उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि सहा वर्षं झाली दारू घेतलेली नाही, एवढी ओळख आज पुरे.

दारूनं काय वाटोळं होतं ते ज्याच्या घरात आहे त्याला मी वेगळं काय सांगणार. मला बोलायचंय ते पहिल्या मीटिंगबद्दल.

पत्ता माझ्या बायकोनं डॉक्टरांकडनं चिठ्ठीवर लिहून आणला होता, एका शाळेची वरची खोली, दर गुरुवारी संध्याकाळी सात. ओळीनं तीन गुरुवार मी गाडी काढली, शाळेच्या गेटपाशी स्लो केली, आणि तशीच पुढं रंकाळ्यावर नेऊन तासभर कट्ट्यावर बसून घरी आलो. कोणी बघितलं तर? आपलं कोल्हापूर केवढं, बिंदू चौकात एकाला दिसलं की मिरजकर तिकटीला पोचेपर्यंत घरात कळलेलं असतं. पण मंडळी, मला बारच्या पायरीवरनं उचलून रिक्षात घातलेलं सगळ्या पेठेनं बघितलं होतं, तालमीतली पोरं घरापर्यंत सोडायला आली होती, म्हणजे लपवायचं काही उरलंच नव्हतं, तरी दारू सोडायचा जिना चढताना कोण बघंल म्हणून पोटात गोळा यायचा. ही लाज लई वाईट. २०१९ ला एम्सनं केलेल्या देशभरच्या पाहणीचा अहवाल आला, त्यात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे ३७ कुठं असतील? माझ्यासारखेच कुठल्यातरी गेटपाशी गाडी स्लो करून पुढं जात असतील, असं मला वाटतं.

चौथ्या गुरुवारी पाऊस लागला म्हणून जिन्याखाली थांबलो. वरनं एक वयस्कर गृहस्थ चहाची किटली घेऊन उतरत होते, म्हणाले, "मीटिंगला आलाय न्हवं? चला की वर, भिजताय कशाला."

वर फॉर्म नाही, फी नाही, आधार कार्ड नाही. दारू सोडायची इच्छा पाहिजे, एवढीच अट. खर्चाला मेंबर आपापल्या मनानं पैसे टाकतात, नवीन माणसानं टाकले नाहीत तरी चालतं. मला कोणी बोल म्हणालं नाही, मी मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकलं. एक रिटायर शिक्षक सांगत होते की बाटली तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायचो आणि रात्री काढताना तांदूळ सांडला की पहाटेपर्यंत एकेक दाणा वेचत बसायचो, बायकोला कळू नये म्हणून. खोलीतली माणसं हसली, त्या हसण्यात कुणाला कमी लेखणं नव्हतं, सगळ्यांच्या घरात असलं एक पिंप होतं. मी गाडीच्या टूलबॉक्समध्ये क्वार्टर ठेवायचो. हे मी त्या दिवसापर्यंत कुणालाही बोललो नव्हतो.

एएची सुरुवातच अशी आहे. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावात बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस कामाला गेला, काम फिसकटलं, दारू सोडून काही महिनेच झालेले, हॉटेलच्या बारमधला आवाज कानावर येत होता, तर त्यानं फोन करकरून दुसरा दारुडा शोधला. तो सापडला डॉक्टर बॉब, सर्जन. पंधरा मिनिटं भेटतो म्हणालेला माणूस काही तास बोलत बसला. आजही मीटिंगमध्ये तेच चालतं, एक दारुडा दुसऱ्याशी खरं बोलतो.

आता हे नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद करू नका, आधी डॉक्टर. हात थरथरणं, घाम, झोप न लागणं इथनं सुरू होऊन फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी नसलेलं दिसायला लागतं, त्यात जीव जाऊ शकतो. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात दाखवा नाहीतर आपल्या डॉक्टरांना, आणि ग्रुपमध्ये आलात म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका. जवळची मीटिंग डॉक्टरांना विचारा, एएच्या हेल्पलाइनला विचारा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, पैसे लागत नाहीत.

आणि वहिनी, मावशी, तुम्ही पण ऐकताय ते मला माहितीय. तुमच्यासाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळा ग्रुप असतो, पिणारा सुधारो न सुधारो, तुम्ही जाऊ शकता. माझी बायको मी जायच्या आधी चार महिने जात होती, चिठ्ठी देऊन ती गप्प बसली, रोज भांडली नाही, ते तिथनंच शिकली.

सुरुवातीला एकदा माझी स्लिप पण झाली, म्हणजे परत प्यायलो, आठ महिन्यांनी, भाच्याच्या लग्नात. सहा वर्षं म्हणालो ती त्यानंतरची. परत गेलो तेव्हा त्याच शिक्षकांनी बाजूची जागा करून दिली आणि चहा पुढं केला, बास.

किटली आता माझ्याकडं असते. गुरुवारी पावणेसातला चहा आणायला मी जिना उतरतो, आणि खाली गाडी स्लो करून कोणी उभं आहे का ते आधी बघतो.