पुसण्याआधी थोडा वेळ

एका मशिनवर बसून वेगळ्या प्रोसेसरच्या बोर्डासाठी सॉफ्टवेअर बांधताना, म्हणजे क्रॉस-कम्पाइल करताना, बिल्ड (सोर्सपासून प्रोग्राम बांधण्याचं काम) फुटला की आपला हात पहिल्यांदा 'मेक क्लीन'कडे, म्हणजे बांधलेलं सगळं पुसणाऱ्या आज्ञेकडे जातो. तो हात थोडा वेळ आवरा, एवढंच सांगायला मी आज उभा आहे. अर्धवट पडलेल्या त्या फोल्डरमध्ये बिघाडाचा माग जसाच्या तसा असतो. पुसलं की तो गेला, आणि काही तासांनी तोच बिल्ड त्याच जागी पुन्हा फुटतो.

लॉग वाचताना शेवटच्या ओळीवर थांबू नका. 'एरर २' ही काहीतरी फुटल्याची नुसती वर्दी असते. मेक, म्हणजे बिल्ड चालवणारा प्रोग्राम, एकाच वेळी आठ कामं करत असेल, तर खरी चूक शेकडो ओळी वर राहते आणि बाकीच्या सात कामांचं बोलणं तिच्यावर येऊन पडतं. 'हायफन जे १' देऊन एकेरी चालवा, म्हणजे पहिली चूक शोधावी लागत नाही. बांधणीआधी मशिन आणि कम्पायलर तपासणाऱ्या कॉन्फिगरच्या टप्प्यावर अडलं असेल, तर 'कॉन्फिग डॉट लॉग' उघडा. पडद्यावर फक्त 'सी कम्पायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स' एवढंच दिसतं. सिसरूटचा (बोर्डासाठीच्या हेडर आणि लायब्ऱ्या ठेवलेल्या फोल्डरचा) पत्ता चुकला की भलत्याच प्रोसेसरचा फ्लॅग गेला, ते त्या फाइलीत कम्पायलरच्याच शब्दांत असतं.

क्रॉस-कम्पाइलची खरी गोम ही, की होस्ट (जिथे बांधतो ते मशिन) आणि टार्गेट (जिथे चालवायचं तो बोर्ड) दोन्हीकडे लायब्ऱ्यांची नावं तीच असतात. झेडलिब ही डेटा आवळणारी लायब्ररी आपल्या एक्स८६ मशिनवरही आहे आणि आर्म बोर्डासाठीच्या सिसरूटमध्येही. लायब्ऱ्यांचे पत्ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला सिसरूट सांगितला नाही, तर तो सरळ होस्टचा पत्ता देतो. मग कम्पाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर म्हणतो, 'स्किपिंग इनकम्पॅटिबल'. ही ओळ लॉगमध्ये दिसली की तिथेच थांबा. त्या घडीला लिंकर होस्टच्या फोल्डरमध्ये हिंडतोय. इथे बिल्ड मोडला तर आपलं नशीब चांगलं. खरी भीती पुढे सरकलेल्या बिल्डची. तोच सोर्स कुणीतरी आधी होस्टसाठी बांधलेला असतो, 'कॉन्फिग डॉट एच'मध्ये लाँगचा आकार ८ बाइट असा लिहून राहिलेला असतो, आणि ३२ बिटांच्या आर्मवर तो ४ असतो. कम्पाइल होतं, लिंक होतं, आणि बोर्डावर आकडे चुकतात.

एकदा माझ्या बोर्डावर इमेज (बोर्डावर चढवायची पूर्ण सिस्टिम) व्यवस्थित सुरू झाली, पण आमचा प्रोग्राम चालवला की उत्तर यायचं, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. एलएस केलं तर फाइल समोर. परवानग्या ठीक. अर्धा दिवस मी पाथ तपासत बसलो. शेवटी बायनरीची माहिती दाखवणारं 'रीडएल्फ हायफन एल' चालवलं, तेव्हा इंटरप्रिटरच्या, म्हणजे प्रोग्राम चढवणाऱ्या लोडरच्या, ओळीत 'एलडी-लिनक्स डॉट एसओ डॉट ३' दिसलं. बोर्डावर होता 'एलडी-लिनक्स-आर्मएचएफ डॉट एसओ डॉट ३'. कर्नलला आमची फाइल मिळत होती, ती चढवणारा लोडर मिळत नव्हता. आम्ही टूलचेन (कम्पायलर, लिंकर वगैरे साधनांचा संच) सॉफ्ट-फ्लोटवरून हार्ड-फ्लोटवर, म्हणजे दशांश आकडे प्रोसेसरच्या खास रजिस्टरांतून देण्याच्या पद्धतीवर, नेली होती आणि इमेज नव्यानं बांधली होती. पण प्रोग्राम वेगळ्या फोल्डरमध्ये होता. त्याची मेकफाइल साधी होती. अशा ठिकाणी मेक फक्त फाइलींच्या वेळा ताडून बघतो. सोर्स बदलला नव्हता, म्हणून त्यानं जुनीच बायनरी ताजी मानली. कम्पायलर बदलल्याचं त्याला कळायला मार्गच नव्हता.

बोर्डाची पूर्ण इमेज बांधणाऱ्या बिल्डरूट या साधनातही हाच धोका आहे. 'डॉट स्टॅम्प-बिल्ट' ही फाइल दिसली की त्याच्या लेखी ते पॅकेज झालं. म्हणून टूलचेन किंवा आर्किटेक्चर बदललं असेल, तर मात्र पूर्ण 'मेक क्लीन'च हवं, तिथे काटकसर नको. एकच पॅकेज बिघडलं असेल तर त्याचं 'डिरक्लीन' पुरतं. पण लक्षात ठेवा, त्यानं बांधणीचं फोल्डर जातं, स्टेजिंगमध्ये, म्हणजे बिल्डरूटच्या सिसरूटमध्ये, आधीच पोचलेल्या हेडर आणि लायब्ऱ्या नेहमीच्या मांडणीत तिथेच राहतात. चुकीची लायब्ररी तिथवर गेली असेल तर पुन्हा पूर्ण क्लीनच. 'मेक क्लीन' आपलं कॉन्फिग राखतं, 'डिस्टक्लीन' तेही नेतं, म्हणून त्याआधी 'सेव्हडेफकॉन्फिग' करून ते जपून ठेवा. योक्टो या तशाच दुसऱ्या साधनात नुसतं 'क्लीन' केलं तर शेअर्ड स्टेटमधून (आधी बांधलेल्या मालाच्या साठ्यातून) तोच खराब माल परत येतो. तिथे 'क्लीनएसस्टेट' द्या. २०१७ च्या २.३ आवृत्तीपासून योक्टोत प्रत्येक रेसिपीला (पॅकेज बांधण्याच्या कृतीला) स्वतःचा सिसरूट मिळाला. माझ्या मते त्या प्रकल्पातल्या सगळ्यात उपयोगी बदलांपैकी हा एक, कारण एकाची घाण दुसऱ्याच्या अंगाला लागणं पुष्कळ कमी झालं.

नवी इमेज बोर्डावर चढवण्याआधी टार्गेटच्या फोल्डरांच्या झाडावरून एकदा 'फाइल' ही आज्ञा फिरवा आणि एक्स८६-६४, म्हणजे होस्टची चुकून आलेली बायनरी, शोधा. मग 'रीडएल्फ हायफन ए', मोठा ए. हार्ड-फ्लोट बायनरीत 'टॅग एबीआय व्हीएफपी आर्ग्ज' या ओळीपुढे 'व्हीएफपी रजिस्टर्स' दिसायला हवं. आमच्या त्या प्रोग्राममध्ये ती ओळच नव्हती.