लसूण, मिरची, कोथिंबीर

(दृश्य : अंधारलेला मळा. बॅटरीचा उजेड, पाटाच्या पाण्याचा आवाज.)

सोलापूर जिल्हा, माढा तालुका. शेतीच्या लाइटची पाळी रात्रीची आहे, त्यामुळे दारं धरायलाही रात्रीच यावं लागतं. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. मध्येच डोळा लागला तर पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात जातं आणि सकाळी भांडण ठरलेलं.

याच तालुक्यातल्या अरण गावी, तेराव्या शतकात, सावता माळी हेच काम करत होते. मोटेनं पाणी उपसायचं, पाटानं वाफ्यात सोडायचं.

(दृश्य : भाजीचा वाफा, जवळून. ओल्या मातीतली कांद्याची पात.)

'कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी.' शाळेच्या पुस्तकापासून कीर्तनापर्यंत ही ओळ इतकी ऐकलेली, की कानाला तिचं काही वाटेनासं झालंय. पण पुढं काय येतं ते बघा. लसूण येते, मिरची येते, कोथिंबीर येते. मग मोट, नाडा, विहीर, दोरी. चांदणं नाही, फुलं नाहीत, वाऱ्याची झुळूकही नाही. मावळतीच्या सूर्यासमोर कुणाचेही हात जुळतात हो. तळहाताला घट्टे पाडणाऱ्या नाड्यात पंढरी दिसायला नजर वेगळी लागते. आणि ती कामातून सवड काढून मिळत नाही. सावतोबांच्या अभंगात हातातलं काम कुठंच थांबत नाही.

पंढरपूर इथून फार लांब नाही. तरी सावता महाराज वारीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. मळा कुणावर सोडणार? मग देवच मळ्यात आला. कथा तर अशी, की लपायला जागा मागणाऱ्या विठ्ठलाला त्यांनी खुरप्यानं छाती चिरून आत घेतलं. शस्त्र म्हणून हाताशी तेच होतं, खुरपं.

(दृश्य : अरण, समाधी मंदिर. पालखी, टाळ-मृदंग.)

1295 साली, आषाढ वद्य चतुर्दशीला, अरणमध्येच त्यांनी देह ठेवला. साऱ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. आषाढी उरकली की पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी मात्र अरणला येते, माळ्याला भेटायला.

जनाबाईचा विठ्ठलही असाच. तिच्याबरोबर दळू लागतो, शेणी वेचू लागतो.

(दृश्य : आठवडी बाजार, सकाळ. जमिनीवर अंथरलेलं पोतं, मेथीच्या जुड्या.)

रात्री पाणी दिलेल्या रानातली भाजी अशी बाजारात येते. विकायला बसलेल्या मावशींनी जुड्यांवर पाण्याचा हबका मारला. पहिलं गिऱ्हाईक आलं, घासाघीस झाली, नोट हातात पडली. भवानी झाली. नोट तराजूला लावली, मग कपाळाला, आणि लुगड्याच्या केळात खोचली. हे सगळं दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. त्यात डोळे मिटणं नाही की पुटपुटणं नाही.

आत्ता कुणाला नमस्कार केलात, असं कॅमेरा रोखून त्यांना विचारता येईल. पण मागं लोक खोळंबलेत. उत्तर बहुधा एवढंच येईल : 'जुडी पंधराला. घ्यायची असंल तर बोला.'