लाल गंज उकळला की काळा होतो

[दृश्य: पावसाळी सकाळ. शेडच्या पत्र्यावरून पाण्याची धार. बाकावर चार टी-नट.]

जुलै महिना आहे, कोल्हापुरात रात्रभर पाऊस लागून राहिलाय, आणि हे चार टी-नट, म्हणजे मशीनच्या टेबलाच्या खाचेत सरकवायचे बोल्टचे नट, मी काल संध्याकाळी बर, म्हणजे कडेचे धारदार काटे, काढून, पॉलिश पेपर मारून अगदी चकचकीत करून बाकावर ठेवले होते. आता बघा. कडेला पिवळट डाग धरलाय, एका रात्रीत, आणि तो कुठं धरलाय तर बरोबर जिथं माझ्या अंगठ्याचा ठसा होता तिथंच. घामातलं मीठ आणि हवेतली ओल, एवढं पुरतं एमएसला, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलला.

गंज असा लवकर धरू नये म्हणून आज हे नट काळे करायचेत.

कारखान्यात याला ब्लॅकोडायझिंग म्हणतात. ॲलन बोल्ट काळे असतात ना, ड्रिल चकची चावी, लेथचे टूल होल्डर, ते असंच केलेलं असतं. तो रंग नाही बरं का. रंग वरून बसतो, हा काळा थर लोखंडातूनच तयार होतो, मॅग्नेटाइट म्हणतात त्याला, Fe₃O₄, आणि जाडी म्हणाल तर एक-दोन मायक्रॉन. झेरॉक्सचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. म्हणून तर टी-नट काळा केला तरी टेबलाच्या खाचेत आधीसारखाच सरकतो, आटे घट्ट होत नाहीत, माप बदलत नाही. पेंट मारला असता तर पहिल्याच वेळी घासून निघाला असता आणि खाचेत कचरा झाला असता तो वेगळाच.

[दृश्य: उद्यमनगरची गल्ली, बाहेरून. आतून वाफ येताना दिसते.]

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत हे काम किलोच्या रेटवर होतं. टाकीत कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट किंवा नायट्राइटचं घट्ट द्रावण, तापमान साधारण १४० डिग्री, जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो पार्ट, जाळीत घालून आत सोडायचा, पंधरा-वीस मिनिटांत काळा. काम सुंदर होतं, एकसारखं होतं, पण हे घरी करायचं नाही. मी हे अगदी मनापासून सांगतोय, कारण घरी पातेल्यात कॉस्टिक उकळून बघतो म्हणणारी मंडळी मला भेटतात. १४० डिग्रीच्या त्या द्रावणात थंड पाण्याचा थोडा शिपका जरी गेला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि उकळतं कॉस्टिक तोंडावर उडतं. डोळ्यात गेलं तर डोळा जातो. चुकून ॲल्युमिनियमचा वॉशर आत पडला तर तो विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो. ज्यांच्याकडे नीट टाकी आहे, वाफ ओढणारा पंखा आहे, फेस शील्ड आहे, त्यांना ते करू द्या, आपण पैसे देऊन करून घ्यावं.

मग बाटलीत मिळतं ते कोल्ड ब्लॅकनिंग? ते मी वापरलंय. शाळेत मोरचुदाच्या पाण्यात खिळा टाकला की तो तांबूस व्हायचा, आठवतंय? बऱ्याच बाटल्यांत तसंच तांबं लोखंडावर बसतं, फक्त जोडीला सेलेनियम असतं म्हणून तो थर काळा दिसतो. पाच मिनिटांत काम होतं, पण तो थर लोखंडातून आलेला नसतो, वर बसलेला असतो, आणि आठवडाभर हाताळलं की कडा उघड्या पडतात. माझ्या वाईसच्या दांडीचा काळेपणा तर हातरुमालावर आला होता. शिवाय सेलेनियम विषारी. एखाद्या ओरखड्याला टच-अप करायला ठीक आहे, तेही ग्लोव्हज घालून.

घरच्या शेडसाठी मला पटलेली रीत खूप जुनी आहे. १९ व्या शतकात युरोपातले बंदूकवाले नळ्या अशाच काळ्या करायचे, आणि कथलाच्या डागाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेल्या जोडनळीच्या बंदुका आजही अशाच काळ्या करतात, कारण गरम कॉस्टिक तो डाग खाऊन टाकतं. रीत काय, तर लोखंड मुद्दाम गंजवायचं आणि तो गंज पाण्यात उकळायचा. बस.

[दृश्य: मोरीत नट धुताना, जवळून.]

पण आधी सफाई. ज्यांच्याकडे मी लेथ शिकलो ते काका जॉब हातात घ्यायच्या आधी विचारायचे, "तेल काढलंस का रे?" मी म्हणायचो, "काढलं की काका, थिनरनं पुसलंय." मग ते जॉबवर तांब्यानं पाणी ओतायचे आणि म्हणायचे, "बघ, पाणी फाटतंय. परत धू." हीच खरी टेस्ट आहे, अजूनही. पाणी जर सगळ्या पृष्ठभागावर एकसंध पसरलं तर तेल गेलं, आणि कुठं थेंब थेंब होऊन मागं सरकलं तर तिथं तेल आहे, आणि जिथं तेल आहे तिथं गंज धरणार नाही, म्हणजे काळं होणार नाही, म्हणजे चट्टा पडणार. आधी थिनर, मग भांड्याचं लिक्विड आणि ब्रश, मग गरम पाणी. आट्यातलं तेल सगळ्यात चिवट, तिथं जुना टूथब्रश लागतो. यानंतर उघड्या हातानं जॉबला शिवायचं नाही, ग्लोव्हज घालायचे आणि साध्या बाइंडिंग वायरनं लटकवायचं.

आता गंज. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणायचं, १०० मिलीला साधारण पाव चमचा मीठ, स्प्रेच्या बाटलीत भरायचं, आणि उरलं तर झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही कारण त्यातून गॅस सुटत राहतो. नट गरम पाण्यातून काढून गरम असतानाच फवारा मारायचा. बघता बघता केशरी होतो. इथं हाव धरू नका. मीठ वाढवलं, फवारा जास्त मारला तर गंज जाड येतो, आत खड्डे पाडतो, आणि ते खड्डे मग जात नाहीत. आपल्याला पाहिजे हळदीचं बोट फिरवल्यासारखा पातळ, मऊ गंज. घाई नसेल तर झाकणाच्या डब्यात ओलं फडकं ठेवून त्यावर न टेकवता जॉब टांगून ठेवायचा, आमच्याकडच्या पावसाळ्यात तर डब्याचीही गरज पडत नाही. हळू आलेला गंज बारीक असतो आणि त्याचा काळा जास्त चांगला निघतो.

[दृश्य: जुनं स्टीलचं पातेलं, उकळतं पाणी. कॅमेरा अगदी जवळ. निवेदन थोडं थांबतं.]

हे बघण्यासाठीच मी हा व्हिडिओ केलाय. केशरी नट उकळत्या पाण्यात सोडला. पहिल्या मिनिटात काहीच नाही. मग कडा विटकरी, मग तपकिरी, आणि मग तो तपकिरी रंग खोल होत होत जांभळट काळा होतो, जणू आतून शाई चढतेय. मी हे कितीतरी वेळा केलंय तरी दरवेळी पातेल्यावर वाकून बघत बसतो. लाल गंजात लोखंडाबरोबर पाणी आणि ऑक्सिजन भरपूर असतो, उकळताना त्याचा मॅग्नेटाइट होतो, म्हणजे जो गंज सैल असतो, पापुद्रे सोडतो, लोखंड खात राहतो, तोच आता घट्ट चिकटून बसतो. तळाशी जो काळा गाळ बसतो तो एका ग्लासात घ्या आणि बाहेरून लोहचुंबक लावा, गाळ काचेला येऊन चिकटतो.

पाणी बोअरचं घ्यायचं नाही, क्षारांचे पांढरे ठिपके पडतात. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या. पंधरा मिनिटं उकळलं की काढायचा, गरम असतो त्यामुळे आपोआप वाळतो. आता तो मखमलीसारखा दिसतोय, त्यावरची काजळी अगदी बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं काढायची, आणि हो, नव्या स्टील वूललासुद्धा तेल असतं, तेही थिनरमधून काढून घ्या, नाहीतर सगळी मेहनत वाया.

पहिल्या फेरीनंतर नट करडा दिसेल. निराश होऊ नका. परत फवारा, परत उकळी, परत वूल. माझे एमएसचे नट चौथ्या फेरीत भरतात, कधी सहा लागतात. ईएन८, म्हणजे एमएसपेक्षा जास्त कार्बनचं स्टील, ते पण छान होतं. स्टेनलेसच्या नादी लागू नका, ते साधं गंजतच नाही तर काळं कुठून होणार. हार्ड केलेला पार्ट असेल तरी चिंता नाही, पाणी १०० डिग्रीच्या वर जात नाही त्यामुळे पार्टचा कडकपणा जात नाही. हाच पार्ट बर्नरवर निळा होईपर्यंत तापवून तेलात बुडवला असता तर काळा झाला असता, पण ३०० डिग्रीला नरमही पडला असता.

काहीजण विचारतात, घरचा लोखंडी तवा काळा असतो तो पण हाच का? तो प्रकार वेगळा. तव्याचा काळेपणा मुख्यतः तेलाचा, आचेवर तेल घट्ट होऊन बसलेलं. आणि या गंज उकळलेल्या पातेल्यात परत कधी स्वयंपाक करायचा नाही, ते शेडमध्येच राहू दे, त्यावर मार्करनं लिहून ठेवा.

[दृश्य: शेवटची उकळी. स्वच्छ पाणी.]

शेवटची उकळी नव्या पाण्यात, म्हणजे आट्यात अडकलेलं मीठ निघून जातं. हे मी एकदा टाळलं होतं, आणि महिन्याभरानं आट्यातून तपकिरी ओघळ आला. काढला की लगेच, गरम असतानाच मशीन ऑइलमध्ये बुडवायचा. हा थर स्पंजसारखा तेल पितो आणि गंज खरा थोपवतं ते तेलच, नुसता काळा थर आमच्या हवेत फार दिवस टिकणार नाही. तेल लागताक्षणी करडेपणा जातो आणि तो ओला, खोल काळा रंग येतो.

रात्रभर तेलात ठेवलेत. सकाळ झालीय, पाऊस तसाच आहे. फडक्यानं पुसतो, आटे फुंकून घेतो, आणि पहिला नट टेबलाच्या खाचेत सोडतो. सरकला, कुठंही न अडकता.

[दृश्य: खाचेतला काळा नट, त्यावर बोल्ट फिरवणारा हात. पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो.]